वरच्या मजल्यावरची आते

माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या फिलिपिनो शेजारणीने माझा जेवढा गोंधळ उडवला, तेवढा जर्मन व्याकरणालाही आजवर जमलेला नाही. सुरुवात हाकेपासूनच झाली. पीएचडीसाठी मी म्युनिकजवळच्या गार्चिंगला आलो त्याच आठवड्यात त्यांनी जिन्यात मला इंग्रजीतून सांगितलं, "मला आते म्हण." परमुलखात वडिलांची बहीण भेटली, असं समजून मी दिवाळीला त्यांना वाकून नमस्कारही केला. त्यांच्या भाषेत आते म्हणजे थोरली बहीण, हे मला पुढे चार महिन्यांनी कळलं.

आते म्युनिकच्या एका रुग्णालयात नर्स होत्या आणि चर्चच्या मासिकासाठी चित्रपट्टी काढत. तिची नायिकाही नर्सच, नाव नेने. हे आडनाव नसून लाडाचं नाव आहे, हे पटायला मला वेळ लागला. ही नेने दिशा दाखवायला बोटाऐवजी ओठ पुढे काढी, वाढदिवसाला नूडल्स खाई आणि गावी पाठवायच्या खोक्यात साबण, टॉवेल, चॉकलेटं कोंबून झाकण बसेना म्हणून स्वतःच त्यावर बसे. मजकूर त्यांच्या भाषेत असल्यामुळे आते मला प्रत्येक चौकट समजावून सांगत. पण कुठली चौकट, हे त्याही ओठांनीच दाखवत, त्यामुळे मी हमखास भलत्याच ठिकाणी हसे.

गेल्या वर्षी मासिकाच्या मंडळींनी त्यांना कळवलं, की उत्सवाच्या अंकात नेने अस्सल फिलिपिनो दिसली पाहिजे. आते कागद-पेन्सिल घेऊन खाली आल्या.

"नेनेचं आडनाव स्पॅनिश, नूडल्स चिनी, पोरं गाणी म्हणतात ती अमेरिकन. आल्झो, म्हणजे मग, अस्सल काय काढू?"

"पारंपरिक पोशाख काढा," मी म्हणालो.

"तो मी लग्नातसुद्धा घातला नाही. तू मराठी माणूस कसा काढशील?"

मी फेटा बांधलेला, झुपकेदार मिश्यांचा माणूस काढला. आतेंनी आधी चित्राकडे पाहिलं, मग माझ्या सफाचट चेहऱ्याकडे.

"हा कोण?"

"माहीत नाही. आमच्या घरात असं कोणी नाही."

शेवटी त्यांनी एकच चौकट काढली. रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसून नेने फोनवर आईला सांगते आहे, "हो, जेवले मी." शेजारी डबा, न उघडलेला. मंडळींनी ती शेवटच्या पानावर कोपऱ्यात छापली. पुढच्या आठवड्यात आते खाली आल्या त्या गोंधळलेल्याच.

"आमच्यातली एक नर्स म्हणाली, ही मीच. मजकूर समजावून सांगितल्यावर माझ्या वॉर्डातली जर्मन बाईही म्हणाली, गेनाऊ, अगदी बरोबर, ही मीच. मग नेने फिलिपिनो उरली का रे?"

 

या वसंतात आते निवृत्त होऊन मुलीकडे बर्लिनला गेल्या. चित्रपट्टी मात्र त्या तिथूनच पाठवतात, आणि मासिक माझ्या पत्त्यावर न चुकता येतं. नेने हल्ली एका खिडकीत बसून नातीशी काहीतरी बोलत असते, आणि नात पोट धरून हसत असते. नेने काय म्हणाली, ते मला कळत नाही. पण मासिक आलं, की आधी मी तेच पान उघडतो.