कुर्ल्यांची वाफ

आमचे बाबा, आनंदा परब, परळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं शिपाई होते. बाजारात कोळणीसमोर खेकडा उलटा धरून ते शिकवायचे, "पोटावरची झडप अरुंद तो नर, रुंद ती मादी. संघ संधिपाद, वर्ग कवचधारी." कोळीण म्हणायची, "दादा, घ्यायची तर घे चिंबोरी, तिचं लगीन लावायचंय काय?"

आईचा जीव कुर्ल्यांत, म्हणजे खेकड्यांत. आम्ही मालवणकडचे, कुर्ली मांसानं भरलेली मिळते ती अमावास्येला, म्हणून दर अमावास्येला रस्सा ठरलेला. आणि दर अमावास्येला बाबांच्या पायाला भिंगरी. चाळीत ते गॅलरीच्या पार टोकाला येरझारा घालायचे, जेवायला बोलावलं की "पोट बरं नाही." आई धुमसायची. मलाही वाटायचं, म्हातारा नखरे करतोय. चुकलंच माझं.

प्रयोगशाळेत नमुन्यांसाठी खेकडे उकळतानाच त्यांना धाप लागायला लागली होती. सांगितलं कुणाला? कुणालाच नाही. आमच्या घरात दुखणं लपवलं की शौर्यपदक मिळतं.

गेल्या वर्षी चाळ पाडली आणि आम्ही बाविसाव्या मजल्यावर आलो. गॅलरी नाही, स्वयंपाकघर हॉललाच चिकटलेलं. पहिल्या अमावास्येला आईनं खिडक्या लावून घेतल्या. वासावरून नवे शेजारी काय म्हणतील! बाबांचा गुडघा सुजलेला, खाली जायची सोय नाही. हॉलमध्येच लंगडत फिरत राहिले. टोप उकळला आणि ते सोफा धरून खाली बसले. ओठ निळे.

हॉस्पिटलात ऑक्सिजन लावल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खेकड्यातल्या एका प्रथिनाची अ‍ॅलर्जी आहे. खायलाच हवं असं नाही, वाफेनंही श्वासनलिका आवळतात. किती वर्षं होतंय?"

"वीसेक," बाबा म्हणाले.

मी चिडून विचारलं, "बोलला का नाहीत?"

"तिला तेवढंच तर आवडतं गो."

शेजारी उभ्या आईनं त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

पुढच्या अमावास्येला सकाळी बाबांनी सवयीनं चपला घातल्या. आई हॉलमध्ये वाल सोलत बसली होती.

"कुठे निघालात?"

"जरा... खाली."

"कशाला? वालाचं बिरडं करतेय."

बाबांनी चपला काढल्या, परत घातल्या, परत काढल्या. मग तिच्यासमोर बसून वाल सोलू लागले.

आई मान खाली घालूनच म्हणाली, "वीस वर्षं मला वाटायचं, माझ्या हातचं नको झालंय तुम्हाला."