कुंपणावरच्या नन्स

पोलिसातल्या नोकरीत हाताळलेले बरेच गुन्हे आता एकमेकांत मिसळतात. टार्निटची केस मात्र लख्ख आठवते, आणि तेव्हा तर मी निवृत्त होतो. मेलबर्नच्या या उपनगरात मुलीकडे आलो आणि लॉकडाऊनमुळे आम्ही नवराबायको तिथेच अडकलो.

खबर जावयाने आणली. समोरच्या शेजाऱ्याने त्याला बजावलं होतं, "मेट, तुझ्या बाजूच्या आजीकडे रोज आर्वोला, म्हणजे दुपारी, ढीगभर बायका जमून गातात. तुझ्या सासूबाईही कुंपणापाशी असतात. मी पोलिसांना कळवणार."

जावई घामाघूम. "बाबा, आमची इथे कायम राहण्याची, पीआरची फाइल अडकलीय. आईंना फाइन झाला तर?"

मी तपास हाती घेतला. बाजूची आजी इटालियन, एकटी. तिच्या दारात ना गाडी, ना चपला. संशयाची सुई आमच्या सौ.कडे वळली. तिची नखं निळी होती.

"दुपारी कुठे असतेस?"

"अंगणात."

"बरोबर कोण?"

"नन्स."

"किती?"

"मोजल्या नाहीत. चौकशी संपली असेल तर लसूण सोला."

भल्याभल्यांना बोलतं केलेला मी, मुकाट्याने लसूण सोलला.

दुसऱ्या दिवशी वामकुक्षी रद्द करून पडद्याआडून पाळत ठेवली. सौ.ने मास्क लावला, कुंपणावर टकटक केली. लगेच पलीकडून बायकांचा समूहस्वर उसळला. मी धावलो. फळीच्या फटीतून आजीचं नाक दिसत होतं. गाणं तिच्या स्पीकरवर चालू होतं.

"हिअर वॉल," आजी सांगत होती. "नन्स दिस साइड, पीपल दॅट साइड. स्मॉल विंडो."

"येस, विंडो," म्हणत सौ.ने नातीच्या रंगात ब्रश बुडवला.

आमच्या बाजूच्या फळ्यांवर आजीच्या गावचं जुनं चर्च उभं राहिलं होतं. ते नन्सच्या मठाचं. लोकांना नन्स दिसू नयेत म्हणून मधोमध भिंत, आणि तिच्यावर शेकडो वर्षांपूर्वीची चित्रं. आजीची मावशी तिथे नन होती. लहानपणी आजीने तिचं गाणं भिंतीआडून ऐकलेलं, चेहरा फक्त त्या खिडकीतून पाहिलेला. सौ.ने सगळ्या संतिणींना नऊवारी नेसवली होती. येशू कबरीतून उठत होता आणि शेजारी पहारेकरी तोंड उघडं टाकून घोरत होता. मिशी माझी होती.

"हा कोण?"

"ती म्हणाली, पहारेकरी झोपलेला हवा. मॉडेल घरातच होतं."

तेवढ्यात खरोखरच दोन कॉन्स्टेबल आले. आजीने कुंपणावरून स्पीकर उंचावून दाखवला. तरुण कॉन्स्टेबलने चित्र पाहिलं, मला पाहिलं. "गुड लाइकनेस, मेट. नो वरीज," म्हणून दोघं हसत गेले. जावयाच्या जिवात जीव आला.

निर्बंध उठल्यावर आजी पहिल्यांदा आमच्या अंगणात आली. रंगवलेल्या खिडकीतल्या ननपाशी थबकली. फळीवरून हात फिरवत, डोळे पुसत म्हणाली, "माय आंटी. बट शी वॉज फॅट!"

ऐकीव माहितीवर विसंबू नका, म्हणून मी हवालदारांना आयुष्यभर झापलं. इथे फटीतून ऐकून, दोघींच्या मोडक्या इंग्रजीत अख्खं चर्च उभं राहिलं होतं. चूक एवढीच, की मावशी जरा बारीक निघाली.