मावशीच्या हळदीची टेप

खोलीत बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून मी भिंतींना गुळाची पोती ठोकली, हा माझ्या ध्वनिमुद्रणाच्या कारकिर्दीचा शुभारंभ. लोणावळ्यात चिक्कीवाल्यांच्या मागच्या दारी रिकामी पोती ढिगाने पडलेली असत. देणारा म्हणाला होता, धुऊन वापरा. मला वाटलं, पोतं ते पोतं, त्याला काय धुवायचं. भाद्रपदातल्या ओल्या हवेत तागाला चिकटलेला गूळ पाघळला आणि भिंतींवरून काळपट ओघळ उतरायला लागले. आधी मुंगळे आले, मग माश्या, मग झुरळं. खोलीला असा आंबूस वास सुटला की शेजारच्यांनी फार सभ्यपणे चौकशी केली, मागे काही गाळता का. एक मुंगळा टेपरेकॉर्डरमध्ये शिरून टेपबरोबर फिरत फिरत चेंगरला. त्याला चिमट्याने काढताना मला जी शिसारी आली ती पुढच्या सगळ्या प्रकरणात टिकून राहिली.

ती खोली मुळात बायकोची. तिथे तिची लोणची, पापड, कुरडया असत. रेल्वेलाइनजवळच्या आमच्या घरात तेवढी एकच जागा जरा आतल्या अंगाला, म्हणून स्टुडिओसाठी मी ती मागितली. मागितली म्हणजे काय, बरण्या उचलून स्वयंपाकघरात नेल्या. पोती तिनेच उपटून काढली, भिंती रॉकेलच्या पाण्याने पुसल्या आणि जुन्या गोधड्या टांगून दिल्या. मी दारात उभा राहून देखरेख केली. वास मात्र गेला नाही. आंबलेला गूळ, रॉकेल आणि गोधड्या, असा तिहेरी मिलाफ त्या खोलीत कायमचा मुक्कामाला राहिला.

टेपरेकॉर्डर स्पूलचा होता. बंगला विकून निघालेल्या एका मुंबईकराकडून मी तो घेतला होता. दुसरा मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा. टॉर्चचे सेल घालूनही चालणारा. मेहुणा घोरावाडीला राहायचा, आठवडाभर कारखान्यात जायचा आणि रविवारी ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा. दोन यंत्रं असली की मिक्सिंग करता येतं, हा शोध त्याचा. एकावर गाणं वाजवायचं, शेजारी वाद्यं वाजवायची, आणि दोन्ही मिळून दुसऱ्यावर घ्यायचं. मधे त्याने स्वतः जोडलेला चार बटणांचा एक पत्र्याचा डबा असे. त्या डब्याला हात लावला की झिणझिण्या येत. त्यालाच तो टच म्हणायचा.

अशा आमच्या स्टुडिओत फाल्गुनात मावशी आली.

मावशी म्हणजे सख्खी नव्हे. बायकोचं माहेर आंदर मावळातलं, आणि मावशी त्या गावाच्या वरच्या वाडीतली. वाडीत लग्न निघालं की हळदीचं गाणं मावशीनेच धरायचं. बायकोच्या हळदीलाही तिनेच म्हटलं होतं. आता तिच्या गळ्यात गाठ झाली होती आणि पुण्याचा डॉक्टर ती कापून काढणार होता. आवाज राहील की जाईल, हे कापल्यावरच कळणार होतं. नातीचं लग्न मात्र वैशाखात ठरलेलं.

"सगळ्या वाडीच्या पोरींना म्या गाऊन हळद लावली," ती म्हणाली, "आन् माज्याच नातीला मुक्यानं लावू व्हय?"

आवाज जायच्या आधी तो टेपमध्ये घालून ठेवायचा आणि हळदीच्या दिवशी लावायचा, ही कल्पना बायकोची. मेहुण्याला फारच आवडली. तो म्हणाला, ताई, असं करून देतो की रेडिओवाले मागायला येतील.

दुपारी दोन मालगाड्यांच्या मधल्या शांततेत आम्ही बसलो. मावशीने खोलीचा वास घेतला, पदर नाकावरून फिरवला. मग तिने पाट मागितला, वाटीत हळद मागितली आणि विचारलं, पाटावर कोण बसणार. कोणीच नाही म्हटल्यावर ती उठायलाच लागली. रिकाम्या पाटापुढे हळदीचं गाणं म्हणत नाहीत. ज्या घरात म्हणाल तिथल्या हळदी खोळंबतात म्हणे. मेहुण्याने पाटावर भोपळा ठेवू का विचारलं. मावशीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तोच भोपळा असावा.

शेवटी पाटावर मी बसलो. पन्नाशीकडे झुकलेला, बनियनमधला नवरदेव. बायको तेलात कालवलेली हळद माझ्या दंडांना चोळत होती, मेहुणा हेडफोन लावून खांदे गदगदवत होता, आणि जुन्या गुळाच्या आठवणीने रेंगाळलेल्या माश्यांना नवं तेल सापडलं होतं. हळद पाठीवरून ओघळत चड्डीच्या नाडीपर्यंत गेली. मला हलायची परवानगी नव्हती.

मावशीने गाणं धरलं. ते गाणं म्हणजे एक बोलावणंच असतं. हळद कुठल्या वावरातली, कुणी कांडली, हे सांगून झालं की एकेका नात्याला हाक येते. मामी ये, आत्या ये, चुलती ये. मावशी ओळ म्हणायची आणि थांबायची. मान जराशी कलती, बोट गुडघ्यावर ठेका धरून. पहिल्याच ओळीनंतर बायकोने तोंड उघडलं, तोच मेहुण्याने पंजा वर केला.

"ताई, तू मधे आवाज करू नकोस. मागचा कोरस आपण नंतर भरू."

बायकोने तोंड मिटलं. पुढे सगळं गाणंभर मावशी ओळ म्हणायची, बायकोकडे बघत थांबायची, बायको नुसते ओठ हलवायची, आणि तेवढा वेळ गेला की मावशी पुढची ओळ घ्यायची. संपल्यावर ती पाणी प्याली आणि समाधानाने म्हणाली, "झाली बगा जावईबापूंची हळद. आता कुटं पळू नका."

पुढच्या रविवारी मिक्सिंग झालं. मेहुण्याने एक क्लॅरिनेटवाला आणि एक बोंगोवाला आणला. क्लॅरिनेटवाला दर थोड्या वेळाने वाद्य उलटं करून त्यातली थुंकी आमच्या फरशीवर झटकायचा. बोंगोवाला तंबाखू मळायचा आणि त्याच बोटांनी बोंगो वाजवायचा. कोरस म्हणणाऱ्या मुली यायच्या होत्या, त्या आल्या नाहीत. आवाज घुमावा म्हणून अंगणातला हौद रिकामा करून त्यात कर्णा सोडला होता आणि वर मायक्रोफोन लटकवला होता. हौदाच्या तळाला हिरवं शेवाळ आणि एक बेडूक उरला होता. बेडूक दोनदा बोलला. मेहुणा म्हणाला, राहू दे, नॅचरल वाटतं.

पण वाद्यं भरायच्या आधी त्याने दाढीचं ब्लेड काढलं होतं.

"दाजी, हे बघा, निम्मी टेप नुसती हवा आहे. लोक काय हवा ऐकायला येणार?"

मावशीच्या मूळ टेपमधल्या ओळी त्याने ठेवल्या, मधले तुकडे कापून टाकले आणि टोकांना टोकं चिकटवली. फरशीवर तपकिरी तुकड्यांचा ढीग पडला, न्हाव्याच्या दुकानात पडतो तसा. काही तुकडे थुंकीला चिकटले. ते केरसुणीने गोळा करताना मला तीच शिसारी येत होती, पण मी तिचं कारण थुंकीत शोधत होतो.

तयार झालेलं गाणं मेहुण्याने लावलं. क्लॅरिनेट असा काही पाघळत आला की मला भिंतीवरचे ओघळ आठवले. त्याच्या पाकात बुडालेला, हौदात घुमणारा मावशीचा आवाज, आणि खाली बोंगोची टकटक. मी म्हणालो, क्लॅरिनेट जरा कमी करता येईल का. मेहुणा म्हणाला, दाजी, मिक्सिंगमधलं तुम्हाला काय कळतं. गुळाच्या पोत्यांचा विषय निघू नये म्हणून मी गोळा केलेले तुकडे केरात टाकायला वळलो. बायको ओल्या हातांनी दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, लवकर संपलं. आम्ही दोघंही ती तारीफ समजलो.

वैशाखात एसटीच्या शेवटच्या थांब्यापासून डोंगर चढून आम्ही वाडीत गेलो. ऑपरेशन झालं होतं. मावशीच्या गळ्याला पांढरं फडकं होतं, आणि ती बोलायला गेली की नुसती हवा बाहेर यायची. सुनेने सांगितलं, म्हातारी सकाळपासून धुतलेलं लुगडं नेसून तयार बसलीय, आवाज येनार म्हनून. मेहुण्याने यंत्र मांडलं, मावशी त्याच्या शेजारी बसली, दोन्ही हात मांडीत घेऊन. नात पाटावर. भोवती वाडीतल्या बायका दाटीवाटीने.

मेहुण्याने बटण दाबलं. क्लॅरिनेट सुरू झाला तशी दोन पोरं नाचायला लागली. मग मावशीचा आवाज आला. बायकांचे चेहरे उजळले, सगळ्यांनी ओळ परतवायला तोंडं उघडली, आणि त्यांच्या उघड्या तोंडांवर दुसरी ओळ येऊन आदळली. त्या गोंधळल्या, हसल्या, पुन्हा सज्ज झाल्या. तिसरी आदळली.

त्या गाण्यात बायकांनी ओळ परतवायची असते, आणि ती परतवेपर्यंत जिचं नाव आलं तिने उठून, येऊन, हळद लावून बाजूला व्हायचं असतं. मावशी बोटाने ठेका धरून थांबायची ती त्यासाठी. मेहुण्याची हवा ती हीच. आता मामी गुडघ्यांवर हात टेकून उठतेय तोवर आत्याला हाक, आत्या पदर खोचतेय तोवर चुलतीला. तिघी एकदम पाटावर आल्या. मामीचं कोपर पोरीच्या कानात गेलं, वाटी लवंडली. थोरली चुलती आपलं नाव आलं की गेलं हे शेजारणीला विचारत राहिली. मधेच बेडूक बोलला. आणि बोंगोची एक मोठी फिरकी होऊन सगळं थांबलं.

पोरीच्या एका गालाला आणि एका गुडघ्याला हळद लागली होती.

"झाली व्हय हळद?" मागून कोणीतरी विचारलं.

मला त्या यंत्राची, त्या क्लॅरिनेटची, मेहुण्याच्या तेल लावलेल्या भांगाची आणि शेजारी बसून मान डोलावण्याची तयारी करून आलेल्या माझी इतकी किळस आली की मी यंत्रापासून दूर सरकलो. मावशी यंत्राकडे बघत होती. मेहुणा घाईने म्हणाला, परत लावतो, आता जरा भराभर या सगळ्या. त्याने टेप मागे फिरवायला घेतली, तेव्हा मावशीने फिरत्या स्पूलवर तळवा ठेवला. टेप किंचाळली आणि थांबली. तिने सुनेला हाताने खूण केली. सुनेने यंत्र उचललं आणि बाहेर चपलांपाशी नेऊन ठेवलं.

मग मावशीने माझ्या बायकोचं मनगट धरून तिला शेजारी ओढलं. ओठ हलवून पहिली ओळ दाखवली. बायको माझ्याकडे नाही, मावशीच्या ओठांकडे बघत होती. तिने ओळ म्हटली.

बायकोचा आवाज चांगला नाही, हे मी प्रेमाने सांगतो. ती ओळ म्हणायची आणि थांबायची. बायका ती परतवायच्या. तिने आत्याला मामीच्या आधी हाक मारली, तेव्हा मावशीने तिच्या मांडीवर चापट दिली; पण आत्या तोवर उठली होती, आणि मामी रुसून भिंतीकडे तोंड करून बसली. तिची समजूत घालेपर्यंत बायकांनी तीच ओळ पुनःपुन्हा घोळवली. एक कडवं अख्खं सुटलं. मावशी गुडघ्यावर ठेका देत राहिली, चूक झाली की डोळे घट्ट मिटत राहिली. पोर मात्र डोक्यापासून तळव्यांपर्यंत पिवळी झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण मावशी हसली नाही. नातीच्या हळदीला तिला तिचा आवाज हवा होता. तो चपलांपाशी पडला होता, निम्मा, आणि उरलेला निम्मा मी केरात टाकला होता. तिने नातीच्या राहिलेल्या एका कानामागे बोटाने हळद लावली आणि ती उठून चुलीकडे गेली.

उतरताना मेहुणा यंत्र खांद्याला लावून पुढे चालला होता. पुढच्या वेळी कोरससकट करू म्हणत होता. मी बायकोबरोबर मागे. मनात साठलेली सगळी किळस मी वाटेत बाहेर काढली. क्लॅरिनेट कसा ओशट होता, बोंगो कसा आचरट, हौदाची कल्पना कशी घाणेरडी, आणि मला हे पहिल्यापासून कसं कळत होतं. ओढा ओलांडेपर्यंत मी बोलत होतो. ती मधे एकदा म्हणाली, मावशीने डोळे मिटले तेव्हा माझं काळीज हललं. एकदा म्हणाली, ते कडवं मला येत होतं हो. मी क्लॅरिनेटवर होतो. एसटीच्या थांब्यावर टेकल्यावर माझ्या लक्षात आलं की ती गप्प आहे. मी विचारलं, तू काहीच कशी बोलत नाहीस?

गाऊन तिचा घसा बसला होता. ती म्हणाली, "बोलले की दोनदा. बोलून थांबले होते, तुम्ही काही म्हणाल म्हणून. लग्न झाल्यापासून तशीच थांबते. तुम्हाला वाटतं, हिचं बोलून झालं."