ठिपक्याला रुपया

काल फोनवर माझी नात ईरा इंग्रजी धडा भराभर वाचत होती, आणि नकळत मी डब्यातला जुना रुपया टेबलावर वाजवला.

मुलांनो, सेलूला आमचं किराणा दुकान होतं. तोंडी इंग्रजीत नापास झाले तर माझी शाळा सुटणार होती. घाबरून मी एका दमात वाचत सुटायची. माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, इंग्रजी येत नव्हतं. गुळाचा वास लागलेल्या गल्ल्यावर त्यांनी माझं पुस्तक उघडून ठेवलं.

"पळायलीस कुठं, माय? उधारी बुडवून चाललीस का?" ते म्हणाले. "शेपटीवाल्या ठिपक्याला पाच पैसे, नुसत्या ठिपक्याला रुपया. नाणं वाजल्याबिगर पुढं जायचं न्हाई."

महिनाभर रोज संध्याकाळी तोच धडा आणि तीच नाणी.

परीक्षेत तोच धडा आला. पहिलं वाक्य संपताच मी पळणार, तेवढ्यात बाहेर खिडकीच्या गजावर रुपया वाजला. मी थांबले, श्वास घेतला, आणि शेवटपर्यंत नीट वाचलं.

तेव्हा मला फक्त पास झाल्याचा आनंद होता. पुस्तक तर आत माझ्या हातात होतं. बाहेर उभ्या दादांना ठिपका कुठून दिसणार? न कळणारा तो सगळा धडा त्यांनी ऐकून ऐकून पाठ केला होता, हे मला काल ईराचं वाचन ऐकताना कळलं.