कमरेची डबी, पदरातला गूळ

शिनोलीच्या द्रौपदाच्या पदराला कायम एक गाठ असायची, आणि त्या गाठीत गुळाचा खडा. लग्नाला जावो, खुरपायला जावो की घोडेगावच्या बाजाराला, गाठ काही सुटायची नाही. वस्तीत नव्यानं आलेल्या सुना हसायच्या. "मावशी, मुंग्या लागतील वो पदराला," म्हणायच्या. लागायच्याही. द्रौपदा मुंग्या झटकायची आणि गाठ पुन्हा आवळायची. हसणाऱ्यांशी वाद घालायला तिला वेळ कुठं होता?

गूळ होता रत्नासाठी. रत्ना तिची एकुलती एक. चौथीत असताना ती पाण्याच्या हंड्याशीच बसू लागली, वाळून काडी झाली, आणि दवाखान्यातून निदान आलं की पोरीला साखरेचा आजार आहे, जन्मभर इन्शुलिनची सुई घ्यावी लागणार. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. साखर म्हणजे म्हाताऱ्या-कोताऱ्यांचा आजार, शेठ-सावकारांचा आजार. एवढ्याशा पोरीला कुठून होईल, असं अख्ख्या वस्तीचं म्हणणं. कुणी कारल्याचा रस सांगितला, कुणी कडुलिंब. सल्ला द्यायला आपल्याकडे शिक्षण लागत नाही. द्रौपदाचा नवरा जयवंत भोसरीला कारखान्यात होता, गुरुवारच्या सुट्टीला तेवढा घरी यायचा. म्हणजे पोरीचं सगळं द्रौपदाच्याच गळ्यात.

दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला वांग्यावर सुई टोचायला शिकवली. पहिल्या दिवशी वांगं सोसलं, पण पोरीच्या मांडीला हात लावताना द्रौपदाच्याच डोळ्यांपुढं अंधारी आली. मग सवय झाली. घरात फ्रिज नव्हता, तेव्हा इन्शुलिनची बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात, मोरीजवळच्या कोपऱ्यात. रोज वाळू भिजवायची. सकाळी सुई, संध्याकाळी सुई. द्रौपदाचं शिक्षण म्हणाल तर दुसरी. आकडे यायचे, मराठी अक्षरं जुळवून वाचता यायची, इंग्रजीच्या नावानं आनंद.

एकदा नात्यातल्या लग्नात घोळ झाला. पंगत आता बसतेच आहे म्हणून द्रौपदानं पोरीला सुई दिली. आणि नवरदेवाची गाडी वाटेतच बिघडली. वऱ्हाड नाही तर लग्न नाही, लग्न नाही तर पंगत नाही. पाहुण्यांच्या आधी आपल्या लेकरापुढं ताट कसं मागायचं, या भिडेपायी द्रौपदा गप्प बसली, आणि रत्ना मांडवातच आडवी झाली. डोळे पांढरे, दातखीळ. "वारं घाला, वारं घाला," म्हणत बायकांनी गराडा घातला. शेवटी एका मास्तरांनी सरबत चाटवलं म्हणून पोर हाती लागली. डॉक्टरांनी द्रौपदाला फैलावर घेतलं. "बाई, पोटात घास नाही तर सुई नाही. दुसरं काही कळलं नाही तरी चालेल, एवढं एक लक्षात ठेवा."

तिनं ते काळजावर कोरून घेतलं. त्या दिवसापासून ताट पुढ्यात आल्याशिवाय सुई बाहेर निघाली नाही, आणि गूळ पदराला आला तो तेव्हाच. पोरीच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब दिसले, की बाकी काही न विचारता द्रौपदा गाठ सोडायची. साखर उतरल्याचं, बोटाचं रक्त तपासायच्या यंत्राच्या आधी तिला कळायचं. आठ-दहा वर्षं पोर जगवली ती या एका नियमावर आणि त्या एका गुळावर. हे मी कौतुकानं सांगतो आहे, कारण पुढं जे झालं त्यात तिला नावं ठेवणारे पुष्कळ निघाले.

रत्ना घोडेगावच्या कॉलेजला जाऊ लागली तेव्हा पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला इन्शुलिनचा पंप बसवला. त्यांच्या एका पेशंटनं नवा घेतला होता, जुना हिच्या नशिबी आला. काड्यापेटीहून थोडी मोठी डबी. तिच्यातून निघालेली बारीक नळी पोटावर चिकटवलेली. डबी दिवसभर थेंब थेंब इन्शुलिन सोडत राहायची, आणि जेवताना रत्ना बटणं दाबून जास्तीचं घ्यायची. दोन-तीन दिवसांनी नळी बदलायची. आंघोळीपुरती डबी काढून कोनाड्यात ठेवायची. द्रौपदानं जुन्या खणाची पिशवी शिवून दिली, ती पोर कमरेला बांधायची. एसटीत डबी वाजली की कंडक्टर म्हणायचा, "ताई, मोबाईल उचला की." नळी कधी दाराच्या कडीत अडकायची, आणि रत्ना आईच्या नावानं ओरडायची. त्यात आईचा काय दोष, ते तिचं तिलाच ठाऊक.

पण पोर सुखावली. वेळेला जेवलंच पाहिजे ही कटकट गेली. एखाद्या दिवशी दोनला जेव, एखाद्या दिवशी चारला. भाकरी असली तर एवढं, भात असला तर तेवढं, असा हिशेब करून ती पटापटा बटणं दाबायची. वाळूचं मडकं परसात पालथं पडलं; बाटली आता शेजारणीच्या फ्रिजमध्ये. द्रौपदाला आनंद होता, नाही असं नाही. पण घरात तिचं काम उरलं नव्हतं. इतकी वर्षं जी पोर तिच्या बोटांनी जगली, ती आता डबीच्या इंग्रजी अक्षरांवर जगत होती, आणि ती अक्षरं द्रौपदाला ओ का ठो कळत नव्हती.

"मला बी शिकव की," ती म्हणाली.

रत्नाला कॉलेजची घाई. "अगं आई, ते लई किचकट हाय. तुला एकच शिकवते. मी घामाघूम झाले, बरळायला लागले, तर गूळ दे आन् डबी बंद कर. आधी हे बटण, मंग हे, मंग परत हे. बंद झाली की मधनंमधनं पिकपिक वाजंल, घाबरू नको. चालू माझी मी करीन."

द्रौपदानं तेवढं घटवून घटवून पाठ केलं. आधी हे, मग हे, मग परत हे.

त्या वर्षी चौदा एप्रिलची मिरवणूक दणक्यात झाली. जयवंत रजा काढून आला होता, तो दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं भोसरीला गेला. रत्नानं मैत्रिणींबरोबर कुठल्या तरी गाड्यावरची भेळ खाल्ली होती, ती उजाडता उजाडता बाहेर पडू लागली. उलट्या थांबेनात. चहा टिकला नाही, पाणीही टिकलं नाही. दमून पोर सकाळी झोपली. द्रौपदानं हळूच तिच्या बोटाचं रक्त काढून तपासलं. शंभराच्या आतबाहेर आकडा होता. चांगला होता.

पण तिथंच ती अडली. आकडा चांगला, पण पोट तर रिकामं! आणि ही डबी थेंब थेंब सोडतेच आहे. हिला काय ठाऊक पोरीनं घास घेतलेला नाही ते? तिच्या डोळ्यांपुढं तो लग्नाचा मांडव उभा राहिला. पोटात घास नाही तर सुई नाही. तिनं पांघरुणाखाली हात घातला, पिशवीतून डबी काढली आणि आधी हे, मग हे, मग परत हे. डबी पिकपिकली. द्रौपदानं सुस्कारा सोडला. खरं सांगायचं तर तिला थोडं बरंही वाटलं. कितीतरी दिवसांनी ती पोरीच्या कामाला आली होती.

दुपारी रत्ना उठली ती पाणी पाणी करत. तांब्यामागून तांब्या प्यायली आणि सगळं ओकली; डबीच्या पिकपिकण्याकडं लक्ष द्यायचं तिला भानच नव्हतं. एप्रिलचं ऊन, त्यात उलट्या, तहान लागायचीच, असं द्रौपदाला वाटलं. मग पोरीचा श्वास बदलला. पळून आल्यासारखी ती मोठमोठ्यानं श्वास घेऊ लागली, आणि तोंडाला उतरलेल्या फळासारखा वास येऊ लागला. द्रौपदानं पुन्हा रक्त तपासलं. यंत्रात आकडाच नव्हता, नुसती इंग्रजी अक्षरं होती. तिनं यंत्र तिथंच टाकलं. ती तशीच अनवाणी रस्त्याकडं पळाली.

भीमाशंकरच्या बाजूनं वस्तीतल्या गेणभाऊची वडापची जीप येत होती, प्रवाशांनी भरलेली. द्रौपदा तिच्यापुढंच उभी राहिली. गेणभाऊनं एकदा तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि मागं वळून ओरडला, "उतरा राव समदी! पोरगी चाललीया हितं!" प्रवासी कुरकुरत उतरले. रत्नाला उचलून मागच्या बाकावर घातली, डोकं आईच्या मांडीवर.

वाटेत डबी वाजली. रत्नानं डोळे किलकिले केले. हात चाचपडत कमरेकडं गेला.

"आई... बंद हाय का ही?"

"व्हय बाय. म्याच केलीया. तू खाल्लं न्हाईस ना कायबी."

रत्नानं डबी पिशवीतून बाहेर ओढली. मग पुटपुटली, "चालू कर." तिनं स्वतः बटणावर बोट ठेवलं, पण बोट घसरून गेलं. डोळे मिटले.

चालू कर! द्रौपदानं डबी दोन्ही हातांत धरली. आधी हे, मग हे, मग परत हे. पडद्यावर अक्षरं आली, गेली, दुसरी आली. ती म्हणजे काय, कोण सांगणार? चुकून भलतंच दाबलं आणि जास्तीचं सुटलं तर? बंद करायचं तेवढं तिला शिकवलं होतं. चालू कशी करायची, ते शिकवलंच नव्हतं. "गेणभाऊ, तुमाला येतं का वो?" तिनं विचारलं. गेणभाऊला काय येणार? त्यानं जीप आणखी दामटली. डबी पिकपिकत होती, पोर धापा टाकत होती, आणि द्रौपदा डबी छातीशी धरून मोठ्यानं रडत होती.

रत्ना वाचली. घोडेगावात सलाईन लागली, मग मंचरला हलवली, तिथं कितीतरी दिवस काढले. पुण्याच्या डॉक्टरीणबाई बघायला आल्या. "पंप कुणी बंद केला?" त्यांनी विचारलं.

"मीच," रत्ना कॉटवरून म्हणाली.

"खोटं बोलती ती, बाई. म्या केला," द्रौपदा म्हणाली. "पोटात घास नव्हता म्हनून."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, की पूर्वीची सुई तासन् तास अंगात टिकायची, म्हणून न खाता घेतली की धोका होता. डबीतलं औषध लगेच संपतं. माणूस उपाशी असला तरी त्याचे थेंब चालूच लागतात. थांबवले की साखर यंत्राच्या आकड्यांपलीकडं चढते आणि अंगात विष तयार होतं. "तुमचं तेव्हा बरोबर होतं," त्या म्हणाल्या, "आता चुकलं."

द्रौपदानं मान हलवली. तिला सगळं समजलं आणि काहीच समजलं नाही. आठ-दहा वर्षं ज्या नियमानं पोर वाचवली त्याच नियमानं ती मारायला निघाली होती, आणि नियम कधी फिरला ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. वस्तीत मात्र बोलणाऱ्यांना विषय मिळाला. "आईनंच मशीन बंद केलं," एवढंच सगळीकडं गेलं.

महिन्याभरानं एका दुपारी रत्ना घोडेगावहून उन्हातून चालत आली, ओट्यावर बसली आणि असंबद्ध बोलू लागली. वरच्या ओठावर घामाचे थेंब. द्रौपदानं गाठ सोडली, खडा पोरीच्या तोंडात कोंबला. मग हात डबीकडं गेला. बटणावर टेकला. आणि माघारी आला. पुन्हा गेला, पुन्हा माघारी आला. जीपमधलं ते पिकपिक तिला ऐकू येत होतं. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळले आणि "गूळ चघळ बाय, चघळ," म्हणत बसून राहिली. डबी आपली थेंब थेंब सोडतच होती.

त्या खेपेला गूळ जिंकला. रत्ना बऱ्याच वेळानं भानावर आली आणि चिडली. "बंद का न्हाई केलीस? तुला शिकवलं व्हतं ना मी? हितंच तर बंद करायची असती!"

"कवा बंद करायची आन् कवा न्हाई, ह्ये मला आता कळत न्हाई गं," द्रौपदा म्हणाली. "माजा हातच चालत न्हाई. तू काय बी म्हन."

रत्नाचा राग उतरला. तिनं आईचा हात पदरातून सोडवून घेतला. "मंग घरात तू एकलीच असताना मी परत पडले तर, आई?"

द्रौपदानं पदर चाचपला. पदराची गाठ रिकामी होती. ती उठली, चुलीमागच्या डब्यातून गुळाची ढेप काढली, वरवंट्यानं एक खडा फोडला आणि पदराच्या टोकाला बांधू लागली.