राखेनं घासलेली बाटली

आत्या गेल्याचा निरोप गुंजवण्याहून आला तेव्हा मी नसरापूरच्या शाळेत पोरांकडून पाढे म्हणवून घेत होतो. तिच्या ओटीवर पोचलो, तर मंडळी निवाडा करून मोकळी झालेली. "औषध घरात, अन् बाई हिवतापानं मेली. अडाणी ती अडाणीच!" महिना होत आला, ते शब्द कानातून जात नाहीत. असं म्हणणाऱ्यांची मला चीड येते, आणि त्यांत पहिला मी आहे.

कोणतं भात कोणत्या खाचरात धरेल, हे माझी चंद्राआत्या मूठभर माती हातात घेऊन सांगायची. अडलेली गाय सोडवायला तिला वाड्यावस्त्यांवरून बोलावणं यायचं. गेल्या वर्षी मी तिला एका दवाखान्यात नेलं. लढाईमुळं बाटल्यांची टंचाई, म्हणून हल्ली औषधाला बाटली घरूनच न्यावी लागते. कंपाउंडरनं तिची बाटली उजेडात धरली आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "हिला बाटली धुता येत नाही, ही औषध काय घेणार!" रांग हसली. मीही हसलो... मास्तर ना मी, मला आत्यापेक्षा कंपाउंडर जवळचा वाटला. तिनं पदर तेवढा पुढं ओढला.

यंदा ताप आला तेव्हा ती एकटीच जाऊन हिवतापावरचं कोयनेलचं औषध घेऊन आली. बाटलीवर नेहमीची कागदी पट्टी, दर वेळच्या औषधाला एक खाच. काही दिवसांनी तापातच सात-आठ कोस चालून ती माझ्या दारात उभी राहिली. बाटली लखलखीत, पण अर्धी भरलेली.

"लई सवच्छ झालीया, न्हाई रं?"

"अगं, पण औषध घेत का नाहीस? तुम्हा लोकांना सांगायचं तरी किती वेळा?"

तिचा हात कमरेच्या चंचीकडं गेला, थांबला, मागं आला. मला वाटलं, पान काढतेय.

"घेती की..." म्हणाली, आणि चहासुद्धा न घेता उठली.

दहाव्याला ती चंची माझ्या हाती आली. सुपारीच्या खांडांखाली, सुक्या पानात जपून ठेवलेली ती पट्टी होती. पुन्हा कुणी हसू नये म्हणून बाटली रोज राखेनं घासायची, त्यात सुटून आलेली. पट्टीवाचून किती घ्यायचं ते कळेना, म्हणून ती विचारायला आली होती. मी तिला विचारूच दिलं नाही.

बाटली आता माझ्या फडताळात आहे. परवा खळ लावून पट्टी तळापासून नीट चिकटवली. औषध बरोबर चौथ्या खाचेवर आहे. पट्टी होती तोवर तिची एकदाही चूक झाली नव्हती.