शून्याचा रकाना

दगडमावशी भिजल्या गमबुटांनीच प्रयोगशाळेत शिरली आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवर चिखल करत थेट नोंदवहीपाशी गेली. आज तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. गेली बावीस वर्षं तिचं काम एकच: दर महिन्याला नदीतले ठरलेले दगड उलटायचे आणि खाली चिकटलेले किडे मोजायचे. नदीची तब्येत त्यांच्यावरून कळते.

त्यातला एक किडा भारी नखरेल, त्याला गारच पाणी लागतं. उन्हाळे वर्षागणिक तापत गेले, नदी कोमट झाली आणि नऊ वर्षांपूर्वी तो दिसेनासा झाला. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले होते, "मावशी, त्याचा रकाना काढून टाका आता." मावशी फणकारली होती, "घरचं माणूस परतलं नाही, म्हणून त्याचं ताट मोडीत घालतात का?" दर महिन्याला ती हट्टाने शून्य लिहीत राहिली. वर शेजारणींना हाताशी धरून तिने काठावर झाडं लावली, पाण्यावर सावली पडावी म्हणून.

आज त्या सावलीतल्या दगडाखाली तो होता. एकच, तांदळाच्या दाण्याएवढा. मावशीने रकान्यातल्या शून्यांखाली ठसठशीत एक लिहिला.

साहेब खुर्चीवरून उठलेच. "चला, मलाही दाखवा. पुन्हा उलटू तो दगड."

मावशीने नोंदवही मिटली. "नऊ वर्षांनी घरी आलाय, साहेब. लगेच त्याचं छप्पर उचकटायचं का?"